आईचं कपाट, बाबांचा पलंग आणि तुझे चाळीस हजार

पत्र: ताई, मी २८ वर्षांचा, कळव्याला राहतो. डिसेंबरात लग्न आहे. घर वन बीएचके, तिसरा मजला, बिल्डिंग पंचवीस-सव्वीस वर्षांची. आत्तापर्यंत आई-बाबा बेडरूममध्ये आणि मी हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर झोपायचो. लग्नानंतर अदलाबदल होणार. खोली ९ बाय १० फुटांची. त्यात आईचं लोखंडी कपाट, ५ बाय साडेसहाचा सागवानी पलंग आणि भिंतीत कडप्प्याचं फडताळ आहे. खिडकीकडच्या भिंतीला पोपडे आलेत. मित्राच्या ओळखीच्या इंटिरियरवाल्याने फॉल्स सीलिंग, पलंगामागे वॉलपेपर, प्रोफाइल लाइट आणि आरशाचं स्लायडिंग वॉर्डरोब धरून १ लाख ८० हजार सांगितले. माझ्याकडे ४० हजार आहेत, कर्ज काढायचं नाही. होणाऱ्या बायकोला सरप्राइज द्यायचंय. एवढ्यात काय काय बसेल?

उत्तर:

चाळीस हजारांत खोली छान होईल. इंटिरियरवाल्याच्या यादीतलं एकही काम मात्र त्यात नसेल, आणि सरप्राइजही नसेल. रागावू नकोस, कारणं सांगते.

त्या खोलीत काय काय आणायचं, हे तू सविस्तर लिहिलंयस. पण दिवसभरात तिथे कोण कशासाठी येतं, त्याबद्दल एक ओळही नाही. वन बीएचकेमध्ये बेडरूम ही कुणा एकाची नसते. आईचं कपाट तिथे, म्हणजे आंघोळीला जाण्याआधी आई तिथे येणार. बाबांच्या गोळ्या पलंगाच्या ड्रॉवरमध्ये असतील. धुतलेले कपडे बहुधा खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्येच वाळत असतील, म्हणजे सकाळी घालायला आणि पावसाची सर आली की काढायला धावपळ. इस्त्रीचा पॉइंट तिथे, पाहुण्यांच्या गाद्या माळ्यावर, सोसायटीची फाइल फडताळाच्या वरच्या कप्प्यात. आता डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी साडेसहा वाजता तुझ्या बायकोच्या जागी स्वतःला ठेवून बघ. डोक्यावर फॉल्स सीलिंग आहे, मागे वॉलपेपर आहे आणि दारावर टकटक होतेय, "अगं, जरा कपाटातून टॉवेल घेते हं."

म्हणून पहिलं काम फुकटातलं. एका रविवारी वही घेऊन बस आणि त्या खोलीत घरातलं माणूस ज्या ज्या कारणाने शिरतं ते लिहून काढ. मग एकेक कारण बाहेर हलव. गोळ्या आणि फाइल हॉलच्या शोकेसमध्ये जातील. इस्त्रीला हॉलमध्ये १६ अँपियरचा पॉइंट आहे का ते बघ. कपडे वाळवायला हॉलच्या खिडकीत किंवा स्वयंपाकघराला लागून गॅलरी असेल तर तिथे छताला दोरीवर खाली-वर होणारा हँगर लावता येतो. हॉलमधला टीव्ही दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर असेल तर तो समोरच्या भिंतीवर घे, नाहीतर रात्री दहाची मालिका तुम्हा दोघांनाही ऐकावी लागेल. गणपतीचं मखर माळ्यावर राहू दे, त्यासाठी वर्षातून एकदा कुणी आलं तर चालतं.

आणि दाराची कडी आतून नीट लागते का? हसू नकोस. जुन्या घरांत बेडरूमच्या दाराला आतून कडी कुणी लावलेलीच नसते, त्यामुळे ती गंजून अडकली आहे हे लक्षातही येत नाही. दार घासत असेल तर सुताराला आत्ता रंधा मारू देऊ नकोस. पावसाळ्यात लाकूड फुगतं. आत्ता तासलंस तर हिवाळ्यात बोटभर फट राहील. नोव्हेंबरात बघ.

आता कपाट. हे सगळ्यात नाजूक प्रकरण, पैशाने नाही तर बोलून सुटणारं. आईचं कपाट हॉलमध्ये जायला हवं. रिकामं करून तुम्हाला द्यायचं आणि आईचे कपडे बॅगांत भरायचे, असं करू नकोस. त्या माउलीने आधीच खोली सोडली आहे, कपाट तिचं तिलाच राहू दे. हॉलमध्ये गंजलेलं कपाट कसं दिसेल, असं तुझ्या मनात येईल. पॉलिश पेपरने गंज घासायचा, रेड ऑक्साइड प्रायमरचा हात मारायचा आणि हॉलच्या भिंतीच्या जवळपास जाणाऱ्या रंगाचा ऑइल पेंट द्यायचा. सुट्टीच्या दोन दिवसांत घरच्या घरी होतं, फक्त खिडक्या उघड्या ठेव. भिंतीच्या रंगाचं कपाट डोळ्याला खुपत नाही. रंग कुठला ते मात्र आईलाच ठरवू दे.

तुमच्यासाठी नवं कपाट घ्यावं लागेल, आणि तेही लोखंडी. स्लायडिंग का नको, ते मोजून बघ. पलंगाची उशी ९ फुटांच्या भिंतीला आणि पलंग मधोमध, असं धरलं तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जागा उरते, म्हणजे दोघांनाही आपापल्या बाजूने उतरता येतं. पायथ्याशी साडेतीन फूट, म्हणजे ४२ इंच. साधं लोखंडी कपाट १९-२० इंच खोल असतं, त्याच्यासमोर २२-२३ इंच राहतात आणि दोन दारांच्या कपाटाचं दीड फुटी दार तेवढ्यात उघडतं. स्लायडिंगला पट्ट्यांसाठी खोली जास्त लागते, २४ ते २६ इंच. मग उरले सोळा-अठरा. तिथून आडवं होऊन जावं लागेल. शिवाय स्लायडिंगचा अर्धा भाग कायम झाकलेला, आणि तुझ्या भिंतीला ओल आहे. ओल्या भिंतीला प्लायवूड टेकवलं की पहिल्याच पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो. प्लाय कितीही चांगला असू दे.

खडूने फरशीवर पलंग आणि कपाट आखून घे, दार उघडं धर आणि भरलेली बादली घेऊन त्यातून चालून बघ. पाणी सांडलं तर मांडणी चुकली.

कपाट एकट्याने घेऊ नकोस, तिला बरोबर ने. इथे तुझं सरप्राइज संपतं. तिला साड्या टांगायला लागतात की घड्या करून, ती घरून काम करते का, शिफ्ट आहे का, रात्री वाचायची सवय आहे का, यातलं तुला काय माहिती आहे? घरून काम करत असेल तर भिंतीला बिजागरीवर घडीचं टेबल लागेल, जमिनीपासून ३० इंचांवर. नसेल तर तो खर्चच नाही. उंच असेल तर आरसा वर, ठेंगणी असेल तर खाली. लग्न होऊन आलेल्या मुलीला तयार खोली दाखवली की ती छान छान म्हणते आणि पुढे वर्षभर आपली बॅग कुठे ठेवायची ते शोधत राहते. उल्हासनगरचं फर्निचर मार्केट कल्याणच्या पुढे दुसरं स्टेशन असलं तरी भावात घासाघीस होते. मात्र टेम्पो आणि हमाली धरून भाव ठरव. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमध्ये साडेसहा फुटी कपाट जातं का, ते आधी मोज. जात नसेल तर जिन्याने चढवायचे पैसे वेगळे मागतील. कपाटाला टांगायचा रॉड आणि आतला लॉकर असू दे, आणि त्या लॉकरची किल्ली तिच्याकडे.

हे बोलणं निघालंच आहे तर आणखी एक. काही घरांत मुलीकडून पलंग-कपाट येणार म्हणून जागा मोकळी ठेवतात आणि त्याला रुखवत म्हणतात. रुखवतात लाडू-करंज्या आणि विणलेले रुमाल येऊ देत. फर्निचर येणार असेल तर तूच फोन करून नको म्हणून सांग, आईवर सोपवू नकोस.

तुझे स्वतःचे कपडे कडप्प्याच्या फडताळात जातील. असलं फडताळ आजच्या बिल्डिंगांत मिळत नाही. त्याला खाली जागा लागत नाही आणि कडप्प्याला वाळवी लागत नाही. सुताराकडून प्लायची दोन साधी दारं बसवून घे आणि त्यांना भिंतीचाच रंग दे.

पलंग आई-बाबांचा आहे म्हणून नाक मुरडत असशील तर मुरडू नकोस. सागवान आहे. आजच्या भावात तसा पलंग स्वस्तात मिळत नाही. सांधे कुरकुरत असतील तर सुतार खिळे-स्क्रू आवळून देईल, पाय डुगडुगत असेल तर रबराचं बूच. पॉलिश हवं तर कर, नाही केलं तरी चादरीखाली दिसत नाही. गादी मात्र नवी आणि जरा बरी घे.

भिंतीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुझे निम्मे पैसे तिथे वाया जाऊ शकतात. पोपडे दिसले की पेंटर सांगतो, "वॉटरप्रूफ पुट्टी मारतो, गॅरंटी." पाणी बाहेरून येत असेल तर आतून काहीही मारलंस तरी ते दोन फूट बाजूला जाऊन फुटतं. आधी पाणी कुठून येतंय ते शोध. जाड प्लास्टिकचा दीड फुटी चौकोन घे, पोपडे खरवडून भिंतीच्या त्या भागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसव आणि दोन दिवस ठेव. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीच्या बाजूने दव धरलं तर खोलीतली हवाच दमट आहे आणि खिडकी जास्त उघडी ठेवून भागेल. पाऊस आहे तोवरच हे करून घे, ऑक्टोबर तापला की चोर सापडत नाही.

भिंतीतून येत असेल तर बाहेर वाकून ग्रिल बघ. बॉक्स ग्रिल जिथे भिंतीत ठोकलंय त्या भोकांखाली तांबूस ओघळ उतरलेला दिसेल. तिथूनच पावसाचं पाणी आत जातं. भोकाभोवतीची फट, खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट, आणि खिडकीच्या पाटाचा उतार बाहेरच्या बाजूला आहे की आत, एवढं तपास. फटी बंद करायला सिलिकॉनची एक नळी पुरते, पण ग्रिलबाहेर लटकून स्वतः करू नकोस, माणूस बोलाव. बाहेरच्या भिंतीला तडा असेल तर तो खर्च तुझा नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बाहेरच्या भिंती आणि पावसाच्या पाण्याची गळती हे काम सोसायटीचं धरलं आहे. सेक्रेटरीला लेखी अर्ज दे आणि पोच घे, तोंडी सांगितलेलं मीटिंगपर्यंत टिकत नाही. ओल वरच्या मजल्याच्या बाथरूमची निघाली तर मात्र ती तुमच्या आणि वरच्या बिऱ्हाडाच्या आपसातली गोष्ट. चहाला बोलाव.

पाणी थांबलं की भिंत सुकू दे. पोपडे खरवडल्यावर खाली पांढरी भुकटी दिसेल, तो क्षार. कोरड्या तारेच्या ब्रशने झाड. पाण्याने धुतलास तर विरघळून पुन्हा भिंतीत जातो. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास परततो आणि मग जे ऊन पडतं ते भिंतीसाठी सोन्यासारखं. महिनाभर खिडकी उघडी ठेवून भिंत उघडीच राहू दे. दिसायला वाईट दिसेल, दिवाळीला येणारे पाहुणे विचारतील, विचारू देत. रंग दिवाळीनंतर काढ. दिवाळीआधी पेंटर हाताला लागत नाहीत, लागले तर भाव चढा आणि हात घाईचा. तुळशीचं लग्न होईपर्यंत तेच पेंटर निवांत होतात.

हिशेब असा: उंची नऊ फूट धरली तर चार भिंती मिळून ३४२ चौरस फूट, दार-खिडकी वजा केली की ३०५. प्रायमर, लांबी (म्हणजे पुट्टी), पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात. इमल्शन साधारण सहा लिटर, छताला पांढरा दीड-दोन लिटर. सामान तू आण आणि मजुरी वेगळी ठरव, म्हणजे डब्यात पाणी किती पडतंय ते तुला कळेल. रंग फिकट आणि चारही भिंतींना एकच. एक भिंत गडद करायची टूम मोठ्या खोल्यांसाठी ठीक आहे, नऊ फुटांत ती भिंत अंगावर येते. वॉलपेपर अजिबात नको. जुनी ओल मागे दबा धरून बसते आणि कागदाच्या आत बुरशी वाढते.

फॉल्स सीलिंगने सहा-आठ इंच उंची जाते, पंखा खाली येतो आणि वरच्या घरातून गळती झाली तर पीओपी फुगेपर्यंत कळत नाही. संपला विषय.

वायरिंग रंगाच्या आधी. मुख्य दिवा २० वॅटची एलईडी पट्टी, साधारण २००० ल्युमेनची, नव्वद चौरस फुटांना पुरे. पण तिला रात्री कुणी लावत नाही. पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा दिवा, ३००० केल्विनचा पिवळसर, आणि त्याच्याखाली मोबाइलचा सॉकेट. एकाला झोपायचं असेल आणि दुसऱ्याला वाचायचं असेल तर भांडण नको. मुख्य दिव्याला टू-वे स्विच कर, एक दाराशी आणि एक उशाशी. भिंत फोडू नकोस, केसिंग पट्टीतून वायर ने आणि पट्टीला भिंतीचा रंग दे. दोन-तीन वर्षांत एसी घ्यायचा विचार असेल तर त्याची स्वतंत्र एमसीबीची लाइन आत्ताच ओढून ठेव, नंतर नव्या रंगावरून ओढावी लागते. पंखा चालू असेल तर तोच राहू दे. बीएलडीसी पंखा वीज निम्म्याहून कमी खातो हे खरं, पण तो पहिल्या पगारवाढीनंतर. महिनाभर दिवे-स्विच बघत बसायचं असेल तर मुंबईला लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात जाऊन ये, नाहीतर नाक्यावरचं इलेक्ट्रिकचं दुकान काही वाईट नाही.

पडदे दोन थरांचे: आत पातळ पांढरा, बाहेर जाड. कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट लागतं. ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्याला, आईबरोबर जा, ती भाव करेल.

आता पैसे. ओल आणि रंगाला १० हजार, कपाटाला ११, गादीला ७, विजेच्या कामाला ४, फडताळाच्या दारांना २ आणि पडदे-आरसा-किरकोळीला २. झाले ३६. उरलेले ४ हजार हॉलसाठी. इतकी वर्षं दार लावून झोपणारी दोन माणसं आता दिवाणखान्यात झोपणार आहेत, सोफा-कम-बेडच्या मधल्या खाचेवर. त्या खाचेवर टाकायला चार इंची घडीची गादी आण आणि हॉलच्या मध्ये सरकता जाड पडदा लावता येतो का बघ. बाबा रात्री उठत असतील तर बाथरूमच्या वाटेवर अर्ध्या वॅटचा दिवा. तुझ्या खोलीत काही कमी पडलं तर पडू दे, हे ४ हजार तिकडे वळवू नकोस.

पितृपक्षात नवी खरेदी नको, असं घरी म्हणतील. म्हणू देत, आवराआवरीला आणि मोजमापाला कुणाची हरकत नसते. माळा तेवढ्यात रिकामा होईल. पेंटरला दिवाळीनंतरची तारीख आजच देऊन ठेव, आणि आगाऊ रक्कम निम्म्याच्या वर देऊ नकोस.